कॅम्पर व्हॅनने ठाण्याहून पुरीपर्यंत: आधी मुक्काम, मग रस्ता

कॅम्पर व्हॅन घेऊन लांब निघालेल्यांची सहल बिघडते ती बहुतेक वेळा रस्त्यामुळे नाही, तर क्रम चुकल्यामुळे. नकाशा उघडायचा, रोजचे पाचशे किलोमीटर आखायचे आणि संध्याकाळी जिथे पोचू तिथे झोपू म्हणायचं. कारने हे एकवेळ जमतं. व्हॅनला मात्र रोज पाणी भरावं लागतं, सांडपाणी आणि संडासाची टाकी रिकामी करावी लागते, वीज घ्यावी लागते आणि सपाट, सुरक्षित जागा लागते. ही चारही कामं उजेडात करायची असतात. म्हणून आधी मुक्काम ठरवायचे, मग ते जोडणारा रस्ता.

इथे उदाहरणाला ठाणे–शिर्डी–वेरूळ–लोणार–सेवाग्राम–नागपूर–सिरपूर (छत्तीसगड)–हिराकूड (ओडिशा)–पुरी हा मार्ग घेतला आहे. अरबी समुद्राकडून बंगालच्या उपसागराकडे जाणारा हा रस्ता आडवाटा धरून एका बाजूने साधारण 1700 किलोमीटर भरतो. मार्ग तुमचा वेगळा असला तरी कामांचा क्रम हाच ठेवा.

टप्पा 1: दिवस आणि मुक्काम आखा (निघण्याआधी दीड महिना)

चालवण्याच्या दिवशी 250 किलोमीटर ही मर्यादा धरा. सलग दोन दिवस चालवलंत की तिसरा दिवस एकाच जागी काढा. भरलेली व्हॅन समृद्धी महामार्गावर ताशी 80 ने ठेवायची आणि दर दोन तासांनी थांबायचं, म्हणजे 250 किलोमीटरला पाच तास सहज जातात. सकाळी सातला निघून जेवण आणि वाटेतला खोळंबा धरूनही दुपारी तीन-चारला पोचता येतं. याहून उशिरा पोचलात की पुढची सगळी कामं टॉर्चच्या उजेडात होतात आणि चुका तिथेच होतात.

ठाण्याहून पहिला दिवस शिर्डीपर्यंत ठेवा, साधारण सव्वादोनशे किलोमीटर. पहिल्या दिवशी गाडीतल्या वस्तूंच्या जागा बसायच्या असतात, त्यामुळे मोठा पल्ला नको. दुसऱ्या दिवशी वेरूळ, जेमतेम शंभर किलोमीटर. तिसरा दिवस पूर्ण लेण्यांना.

वार इथे महत्त्वाचा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. रविवारी निघालात तर लेण्यांचा दिवस नेमका मंगळवार येतो, आणि हे असं सर्रास होतं, कारण सुट्टी जोडून रविवारी निघायची सवय असते. मंगळवारी निघा. बुधवारी दुपारी वेरूळ आणि गुरुवारी गर्दी नसताना सकाळी लवकर कैलास लेणं. (वाट वाकडी करून अजिंठा जोडणार असाल तर तिथे सोमवार बंद.)

पुढे लोणार, मग एक दिवसाची विश्रांती, मग सेवाग्राम, नागपूर ओलांडून साकोलीच्या आसपास, तिथून रायपूरमार्गे सिरपूर, मग हिराकूड आणि शेवटी पुरी. हिराकूड ते पुरी एका दिवसात उरकू नका. सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहेत आणि मधे ट्रकांची वर्दळ मोठी. अंगुळ किंवा ढेंकानाळला एक रात्र टाका. एकूण जाताना तेरा-चौदा दिवस, येताना नऊ-दहा. दोनच आठवड्यांची रजा असेल तर पुरीचा हट्ट सोडा आणि सिरपूरहून परत फिरा. पुरी गाठण्यासाठी मधलं सगळं खिडकीतून बघण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

हंगाम नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. मे महिन्यात आणि ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये उपसागरात वादळं उठतात, रथयात्रेच्या दिवसांत पुरीत मोठ्या गाडीला जागा मिळत नाही, आणि एप्रिलनंतर विदर्भात पत्र्याची व्हॅन रात्रीही गार होत नाही. थंडीत पहाटे धुकं असतं, तेव्हा नागपूरच्या पुढे सकाळी आठच्या आधी निघू नका.

*तपासा:* प्रत्येक मुक्कामासमोर चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: पाणी कुठे, वीज कुठे, संडासाची टाकी कुठे रिकामी करणार, आणि जागेवर फोन करून कोणाशी बोललात. एकही रकाना कोरा असेल तर तो मुक्काम पक्का नाही.

टप्पा 2: कागदपत्रं

भाड्याने घेत असाल तर आधी नंबर प्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देण्याची परवानगी असलेली गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे प्रवासी वाहतुकीची, बहुधा ड्रायव्हरसह. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर स्वस्त पडली तरी घेऊ नका. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस आणि परमिट या पाचांची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे हवी. परमिट छत्तीसगड आणि ओडिशात चालतं का हे लेखी घ्या. स्वतःची व्हॅन बनवून घेतली असेल तर बदल आरसीवर नोंदलेला हवा आणि विमा कंपनीला आतल्या गॅस-विजेच्या जोडणीची माहिती दिलेली हवी. फास्टॅग गाडीच्या योग्य वर्गाचा आहे ना तेही बघा. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेल्या व्हॅनला कारचा टॅग लावलेला असेल तर टोलवर अडकायला होतं.

*सावधान:* गाडी चालू असताना पलंगावर कोणीही झोपायचं नाही. पट्टा असलेल्या जितक्या सीट, तितकीच माणसं.

टप्पा 3: वजन, उंची, टायर (निघण्याआधी आठवडा)

पाण्याची शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. त्यात चार माणसं, बॅटऱ्या, किराणा, खुर्च्या. गाडी किती जड झाली हे अंदाजाने कळत नाही. पूर्ण भरलेली गाडी काट्यावर न्या. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या भागात वजनकाटे आहेत. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा. पूर्ण वजनातून पुढचं वजा केलं की मागच्या ॲक्सलवरचा भार मिळतो. दोन्ही आकडे गाडीवर लावलेल्या कंपनीच्या पाटीवरच्या वजनमर्यादेशी ताडून पाहा. बहुतेकांचा मागचा भार जास्त निघतो, कारण जड सामान डिकीत जातं. डाळ-तांदूळ, अवजारं, पाण्याचे कॅन दोन ॲक्सलच्या मधे, जमिनीलगत हलवा. वरच्या कपाटात फक्त कपडे आणि पोहे-कुरमुऱ्यांसारखा हलका खाऊ.

उंची टेपने मोजा. छतावरचा एसी आणि सोलर पॅनल धरून मोजा, कारखान्याच्या पत्रकावरची उंची धरू नका. त्यात 15 सेंटिमीटर मिळवून आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. ठाण्यात कितीतरी ठिकाणी हाइट बॅरिअर आहेत आणि सोसायट्यांच्या पोडियम पार्किंगमध्ये अशी गाडी शिरतच नाही. सामान भरायला गाडी गेटबाहेर की आत उभी करायची, हे सेक्रेटरींना दोन दिवस आधी विचारून ठेवा. भाड्याची गाडी रात्री अकराला आली आणि उभी करायला जागाच नाही, असं व्हायला नको.

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच वर्षांपेक्षा जुने टायर समृद्धीवर नेऊ नका, नक्षी शिल्लक असली तरी. काँक्रीटचा सरळ रस्ता, ऊन, जास्त वजन आणि कमी हवा हे एकत्र आलं की टायरची बाजू सारखी दुमडून तापते आणि फुटते. हवा सकाळी टायर थंड असताना भरा, भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या दाबाने. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. रात्री टायर गार झाला की तो धोकादायक कमी भरतो. स्टेपनीची हवाही बघा. जॅक भरलेली गाडी उचलतो का, हे घरीच करून पाहा.

टप्पा 4: पाणी, वीज, गॅस

*पाणी.* नव्याने हातात आलेली टाकी निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नका. शंभर लिटर पाण्यात बिनवासाचं 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट 100 मिलिलिटर टाका, प्रत्येक नळातून क्लोरिनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास तसंच ठेवा, मग टाकी रिकामी करून दोनदा धुवा. एवढं करूनही प्यायला वेगळे 20 लिटरचे कॅन ठेवा. टाकीचं पाणी अंघोळ आणि भांड्यांना.

माणशी दिवसाला 20 लिटर धरा. चौघांना 80 लिटर, म्हणजे टाकी रोज भरायची. वाटेत पाणी भरताना आधी दोन मिनिटं नळ सोडून बादलीत रंग बघा. पिण्याच्या दर्जाचा दहा मीटर पाइप, अर्धा आणि पाऊण इंचाचे जोड आणि दोन क्लिपा जवळ ठेवा, कारण प्रत्येक ढाब्याचा नळ वेगळा. सांडपाण्याचा पाइप वेगळ्या रंगाचा घ्या आणि तो वेगळ्या पिशवीत ठेवा. दोन्ही एका पिशवीत कोंबणं ही पोट बिघडण्याची खात्रीची वाट आहे.

*वीज.* इथे हिशेब मांडल्याशिवाय गत्यंतर नाही. 12 व्होल्टची 200 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर 2400 वॅट-तास देते, पण निम्मीच वापरायची, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे हातात 1200. फ्रिज दिवसाला सुमारे 500, दोन पंखे रात्रभर 450, दिवे आणि मोबाइल 150. झाले 1100. यात एसी बसतच नाही. एक टनाचा एसी चालताना एकटाच हजार वॅट ओढतो. एसी, गीझर, इंडक्शन या तिन्ही गोष्टी बाहेरच्या विजेवरच. लिथियम बॅटरी असेल तर जवळपास सगळी वापरता येते, तरीही रात्रभर एसीचा नाद नको. दोनशे वॅटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला 800 वॅट-तासांच्या आसपास देतं. सावलीत गाडी लावली की हे शून्याकडे जातं, म्हणून दुपारच्या थांब्याला झाड शोधण्याआधी बॅटरीचा आकडा बघा.

बाहेरून वीज घेण्यासाठी 25 मीटर, तीन कोअर, 2.5 चौरस मिलिमीटरची वायर आणि 16 अँपिअरचा तीन पिनी प्लग हवा. क्रम असा: गाडीतला मेन स्विच बंद करा. रिळावरची वायर पूर्ण सोडवा, कारण गुंडाळलेली वायर भार पडला की तापून वितळते. जागेच्या प्लगमध्ये तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर लावा. अर्थिंग नसल्याची खूण दिसली तर तो प्लग सोडून द्या, दुसरा मागा. गाडीचा पत्रा जमिनीपासून रबरी टायरवर उभा असतो. अर्थिंग नसताना आत कुठे वायर सोलली गेली तर ओल्या पायाने दाराला हात लावणाऱ्याला झटका बसतो. टेस्टर बरोबर दाखवत असेल तर वायर आधी गाडीला जोडा, मग भिंतीला, आणि शेवटी मेन चालू करा. काढताना उलट क्रम. जागेचा प्लग 6 अँपिअरचा असेल तर एसी किंवा गीझर लावू नका.

*गॅस.* घरचा 14.2 किलोचा सिलिंडर गाडीत नको. 5 किलोचा छोटा सिलिंडर घ्या, तो उभा आणि पट्ट्याने बांधलेला हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी आहे का ते हात घालून बघा. वरच्या खिडकीचा इथे उपयोग नाही. रबरी नळीवर छापलेली मुदत वाचा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर निघू नका.

*सावधान:* इंजिन सुरू करण्याआधी सिलिंडरची चावी बंद, प्रत्येक वेळी. रात्री एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. धुराचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता आत शिरतो. त्याचा अलार्म पलंगाच्या उंचीवर लावा.

टप्पा 5: एक रात्र जवळच काढा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. निघण्याआधीच्या शनिवारी मुरबाड, शहापूर किंवा कर्जतच्या एखाद्या शेतघराच्या आवारात रात्र काढा. जागामालकाला आधी विचारा. येऊरच्या जंगलात किंवा खारघरच्या टेकडीखाली कुठेतरी गाडी लावायचा विचार सोडा.

त्या रात्री सगळं वापरा: अंघोळ, स्वयंपाक, संडास, बाहेरची वीज, पलंगाची घडी. आतमध्ये तळण करू नका. तेलाचा थर गाद्यांपर्यंत बसतो. खिचडी, पिठलं, भाजणीचं थालीपीठ, तीन लिटरचा कुकर एवढ्यावर उत्तम भागतं. सकाळी काय कमी पडलं, काय उगाच घेतलं, याची यादी करा. अर्ध्याहून जास्त भांडी परत घरी जातील.

टप्पा 6: शहरातून बाहेर

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि 5 जून 2025 पासून तो भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला आहे. ठाण्याहून माजिवडा–खारेगाव–नाशिक रस्त्याने तिथे जाता येतं. नवी मुंबईकरांना महापे–शिळफाटा–मुंब्रा बायपास पडतो आणि तिथे कंटेनरची रांग लागली की दिवस तिथेच सुरू होतो. दोन्हीकडून पहाटे साडेचार ते पाचच्या दरम्यान निघा. पहिल्या दिवसापुरता सातचा नियम मोडा.

डिझेल आमण्याआधी भरून घ्या. भरलेली व्हॅन लिटरला 8 ते 10 किलोमीटर देते, आणि समृद्धीवर पंप लागेल तेव्हा मिळेल असं धरू नका. कडेच्या पट्ट्यावर चहासाठी थांबणं जिवावर बेतू शकतं. थांबायचं तर सुविधा केंद्रावर किंवा इंटरचेंजने बाहेर पडून. सरळ रस्त्यावर डोळे उघडे राहतात पण लक्ष जातं. दोन तासांनी चालक बदला किंवा पंधरा मिनिटं खाली उतरून चाला.

नागपूरनंतर राष्ट्रीय महामार्ग 53 लागतो. तिथे अडचण आली तर 1033, कुठेही आणीबाणीला 112.

टप्पा 7: मुक्कामावर पोचल्यावरचा क्रम

ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा.

1. गाडी जागेवर लावण्याआधी जागा पायी फिरून बघा. वर फांद्या आणि तारा, खाली चिखल, शेजारी इंजिन चालू ठेवणारा ट्रक आहे का.
2. तोंड बाहेरच्या दिशेने करून लावा. रात्री निघावं लागलं तर मागे घ्यावं लागू नये.
3. फोनमधल्या पाणसळीने उतार बघा. खालच्या चाकांखाली दोन इंची फळी टाकून गाडी सरळ करा. थोडा उतार राहिलाच तर डोकं वरच्या बाजूला.
4. हँडब्रेक, मग चाकांना ठोकळे.
5. वीज, वर दिलेल्या क्रमाने.
6. पाणी भरणं. यानंतरच गॅस उघडा.
7. संडासाची कॅसेट, म्हणजे बाहेर काढता येणारी टाकी, सकाळी रिकामी करा, रात्री नाही.

कॅसेट साधारण 18-20 लिटरची असते, चौघांना एक दिवस पुरते. आपल्याकडे ती रिकामी करायची वेगळी सोय बहुतेक ठिकाणी नाही. हॉटेल, रिसॉर्ट किंवा पंपाच्या संडासात, परवानगी विचारून, थोडे पैसे देऊन, नंतर तो संडास स्वतः धुऊन द्या. ॲसिड किंवा फिनाइल ओतू नका. त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि पुढच्या व्हॅनवाल्याला नकार मिळतो. नाल्यात, शेतात तर कधीच नाही. काही जण सांडपाण्याचा नळ चालत्या गाडीत उघडतात. साबणाच्या पाण्यावरून मागचा दुचाकीस्वार घसरतो. असं करू नका.

जागा कुठली निवडावी? एमटीडीसीची रिसॉर्ट, मोठ्या कंपाउंडची हॉटेलं, देवस्थानांचे वाहनतळ, आणि अगदीच नाही तर चोवीस तास चालणारा, दिवे असलेला पंप. पंपावर मालकाला विचारून, डिझेल तिथेच भरून. लोणारला विवराच्या काठावर रात्र काढू नका, ते अभयारण्य आहे. साकोली–देवरीच्या पट्ट्यात महामार्ग नवेगाव–नागझिऱ्याच्या वाघांच्या वाटेवरून जातो. तिथे जंगलाच्या कडेला थांबायचं नाही, गावातच.

टप्पा 8: थांब्यांचा आनंद घ्यायचा तर

मोठी गाडी मुक्कामावरच राहू द्या आणि गावात रिक्षाने फिरा. व्हॅन घेऊन बाजारात शिरण्याच्या नादात अर्धा दिवस जातो.

वेरूळला उघडल्या उघडल्या आत जा, कैलास आधी, बाकी लेणी नंतर. लोणारला सकाळी पायऱ्यांनी खाली उतरा, माणशी दोन लिटर पाणी जवळ ठेवा; चढताना ऊन डोक्यावर येतं. सेवाग्रामला गांधीजींच्या कुटीत घाई करू नका, संध्याकाळची प्रार्थना गाठा. डिसेंबरात नागपूरला संत्री पेटीने घ्यायचा मोह होईल. एक पेटी पुरे, वजन आठवा. सिरपूर महामार्गापासून थोडं आत, महानदीच्या काठी आहे, तिथलं विटांचं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातलं. विटेवर इतकं बारीक कोरीवकाम क्वचितच बघायला मिळतं. दाराच्या चौकटीपाशी थांबून नीट पाहा. हिराकूडला संध्याकाळी मिनारावरून जलाशय बघा. पुरीत वाळूवर चाकं घालू नका, जड गाडी रुतते आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. तिथून कोणार्क 35 किलोमीटर, किनाऱ्याचा रस्ता सुरेख आहे.

टप्पा 9: परत आल्यावर

येताना इगतपुरीनंतर आमण्याकडे रस्ता उतरत जातो. भरलेल्या गाडीला खालचा गिअर द्या, सारखा ब्रेक धरून ठेवू नका. तापलेला ब्रेक पकडतच नाही.

घरी पोचल्या दिवशीच तिन्ही टाक्या रिकाम्या करा, नळ उघडे ठेवा, फ्रिजचं दार फडकं अडकवून अर्धवट उघडं ठेवा, गॅसची चावी बंद करून सिलिंडर काढा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची ऋण तार सोडवा, आणि पावसाळ्याआधी छतावरच्या एसी-पॅनलच्या कडांना सीलंट निघालं आहे का ते शिडी लावून वरून बघा.